आल्प्समध्ये चार दिवस रेल्वेने: कोणती गाडी, कुठे मुक्काम, कोणता पास

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब: नवरा-बायको, ११ वर्षांची मुलगी आणि सत्तरीला आलेल्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून मिलानला उतरायचं, तिथे दोन रात्री राहायचं आणि परतीचं विमान झुरिकहून धरायचं. मधले चार दिवस आल्प्समध्ये रेल्वेने फिरायचं आहे. यादीत ग्लेशियर एक्स्प्रेस, बर्निना एक्स्प्रेस आणि युंगफ्राऊ अशी तिन्ही नावं आहेत. घरात सगळे शाकाहारी. हे चार दिवसांत कसं बसवावं आणि स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे स्वित्झर्लंडभरच्या गाड्या-बोटींचा पर्यटकांसाठीचा पास, घ्यावा का, असं विचारलं आहे.

ओढूनताणून बसेल, पण बसवू नका. तिन्हींपैकी एकच मार्ग नीट, दिवसभर, थांबत थांबत करा. दुसऱ्याचा उत्तम तुकडा तेवढा घ्या आणि तिसरं सोडून द्या. असं का म्हणतो ते सांगतो.

लोकांचे बेत पाहताना एक गोंधळ मला सतत दिसतो. ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस हे मार्ग नव्हेत, त्या मार्गांवर धावणाऱ्या खास गाड्या आहेत. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून आणि बोगद्यांतून साधारण दर तासाला साध्या प्रवासी गाड्याही जातात. खास गाडीत छताकडे वळलेल्या मोठ्या काचा मिळतात, आरक्षित जागा मिळते, आजूबाजूला काय दिसतंय याचं निवेदन मिळतं. मात्र तिकीट किंवा पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे आणि ते सक्तीचे. त्या मोठ्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे फोटोत डोंगराच्या बरोबरीने समोरच्या प्रवाशाचं लाल जाकीटही येतं. मधल्या छोट्या स्टेशनांवर उतरून तासाभराने पुढची गाडी धरणं तिथे शक्य नाही. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही. बर्निना मार्गावर तिला अनेकदा जुने डबे जोडलेले असतात, त्यांच्या खिडक्या खाली सरकतात. सकाळी उठल्यावर धुकं दिसलं तर दोन तास उशिरा निघता येतं. चार जणांचं आरक्षण आगाऊ करून ठेवलं असेल तर धुक्यातूनच जावं लागतं.

ग्लेशियर एक्स्प्रेस तुमच्यासाठी नाही. झरमॅट ते सेंट मोरित्झ २९१ किलोमीटर, सुमारे आठ तास, ९१ बोगदे आणि २९१ पूल. गाडी १९३० पासून धावते आहे आणि जगातली सर्वांत संथ एक्स्प्रेस म्हणून ती मिरवते. हे सगळं खरं आहे, पण आठ तास एकाच खुर्चीत बसणं गुडघे धरलेल्या माणसाला सोपं नाही, आणि तिसऱ्या तासाला मुलीच्या हातात फोन आलेला असेल. शिवाय १९८२ मध्ये फुर्काच्या पायथ्याचा १५ किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून ऱ्होन हिमनदी या प्रवासात दिसेनाशी झाली आहे. मिलानहून झरमॅट गाठायलाच पहिला दिवस मोडतो, तो हिशेब वेगळा. ज्यांना रेल्वेचंच वेड आहे आणि हातात आठवडा आहे त्यांनी ती जरूर करावी.

युंगफ्राऊयोखचं कारण निराळं. स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, १९१२ साली त्या उंचीवर रेल्वे नेली ही कमालच. पण शेवटचा मोठा टप्पा आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून, बोगद्यातून जातो. म्हणजे सगळ्यांत महागड्या तिकिटाच्या प्रवासात खिडकीबाहेर बराच वेळ काळोख. पासवर तिथे फक्त सवलत मिळते, फुकट नाही. वर विरळ हवा, सत्तरीच्या आसपासच्या व्यक्तीला एवढ्या उंचीवर न्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं. त्यात ढग आला की पांढऱ्या भिंतीकडे पाहून परत. तुमच्या चार दिवसांत त्यासाठी एक अख्खा दिवस आणि इंटरलाकेनचा मुक्काम लागेल. मी सोडून देईन.

उरली बर्निना, आणि तिच्यावरच हा बेत उभा करा. मिलानहून उत्तरेला जाताना ती वाटेतच लागते, आल्प्स ओलांडूनच पलीकडे जाते, आणि एका दिवसात द्राक्षमळ्यांपासून बर्फापर्यंत नेते.

पहिला दिवस मिलान ते तिरानो. मिलानो चेन्त्रालेहून त्रेनोर्दची प्रादेशिक गाडी, साधारण दर दोन तासांनी सुटते आणि अडीच तासांत पोहोचते. भाडं माफक, आरक्षण नाही. छापील तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते ठोकून घ्या, नाहीतर दंड होतो. डावीकडे बसा. लेको सोडलं की कोमो सरोवर डावीकडे लागतं आणि कोलिकोपर्यंत साथ करतं. मध्ये बोगदे पुष्कळ, त्यामुळे सरोवर तुकड्यातुकड्यांत दिसतं. सामान घेऊन वारेन्नाला उतरायचा मोह टाळा, स्टेशनपासून पाण्यापर्यंतचा उतार परतताना चढ होतो. या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात आणि काही टप्प्यांत गाडीऐवजी बस सोडतात. निघण्याच्या आठवडाभर आधी त्रेनोर्दच्या ॲपवर तुमची तारीख घालून पाहा.

तिरानोला एकाच चौकात दोन स्टेशनं आहेत, एक इटलीच्या रेल्वेचं आणि दुसरं स्वित्झर्लंडच्या रेटियन रेल्वेचं. लाल गाडी इथून निघते ती थेट गावातल्या रस्त्यातून, मोटारींच्या बरोबरीने, मादोन्ना दि तिरानोच्या मोठ्या चर्चसमोरून. संध्याकाळी मुलीला घेऊन तिथे उभे राहा. वळणावर गाडी येते तेव्हा गाववाल्यांच्या मोटारी सवयीने थांबतात, ते बघण्यासारखं आहे. मुक्कामासाठी तिरानो स्वस्त आणि सपाट. दुसरा पर्याय सीमेपलीकडचं पोस्कियावो. तिथे जायला याच लाल गाडीने पाऊण तास लागतो. जुना दगडी चौक, शांत गाव, पण खर्च स्विस. व्हिसाच्या संदर्भात हा पर्याय कामाला येऊ शकतो, त्याबद्दल पुढे.

दुसरा दिवस हा बेताचा गाभा, तेव्हा त्यावर जरा रेंगाळतो. तिरानो समुद्रसपाटीपासून ४२९ मीटरवर. तिथून निघून गाडी ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनात २२५३ मीटरवर पोहोचते, तेही जेमतेम ३८ किलोमीटरांत. आल्प्स ओलांडणारा याहून उंच रेल्वेमार्ग नाही. आणि हे सगळं दातेरी रुळाशिवाय (तीव्र चढावर गाडीचं दातेरी चाक ज्यात अडकतं तो मधला रूळ), फक्त चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर. चढ हजाराला ७०, म्हणजे १४ मीटरला एक मीटर. लोणावळ्याला जाताना आपल्या भोर घाटात चढ ३७ ला एक आहे, आणि तिथे अजूनही मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. नेरळ-माथेरानची गाडी २० ला एक चढते. माथेरानची लाईन १९०७ ची, बर्निना १९०८ ते १९१० मध्ये टप्प्याटप्प्याने उघडली, म्हणजे दोघी समवयस्क. फरक असा की बर्निना पहिल्या दिवसापासून विजेवर धावली, म्हणून तिला एवढा चढ झेपला. वळणंही काही ठिकाणी ४५ मीटर त्रिज्येची आहेत. रूळ मीटर गेजचे, म्हणूनच हे जमतं.

जागेचं सांगतो, कारण यावरून गाडीत भांडणं होतात. तिरानोहून वर जाताना डावी बाजू धरा. ब्रुझिओचा गोल पूल, वरचं गोठलेलं सरोवर, मोर्तेराच हिमनदी आणि पुढे लांडवासरचा पूल, सगळं डावीकडून चांगलं दिसतं. अपवाद फक्त पोस्कियावोच्या तळ्याचा, ते उजवीकडे येतं. गाडी भरलेली नसेल तर बाजू बदलत राहा, कोणी काही म्हणत नाही. मात्र काही डब्यांवर गटासाठी राखीव अशी पाटी लावलेली असते, तिथे बसू नका. सहलीच्या बसगाड्या तिरानोला प्रवासी आणून सोडतात आणि ते सकाळी उशिराच्या गाड्यांत भरतात. म्हणून आठच्या आसपासची गाडी धरा.

सुरुवातीलाच, कांपाश्यो सोडल्यावर, ब्रुझिओचा नऊ कमानींचा गोल पूल येतो. दरी अरुंद, उंची गाठायला जागा नाही, म्हणून इंजिनिअरांनी उघड्या कुरणात रुळाचं वेटोळं घातलं. गाडी आधी एका कमानीखालून जाते, गोल फिरते आणि मग त्याच पुलावरून आपण आलो तो रूळ ओलांडते. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसतं. मुलीला आधीच सांगून ठेवा, कारण दोन मिनिटांत सगळं संपतं.

पोस्कियावो १०१४ मीटरवर आहे. तिथून आल्प ग्र्यूमपर्यंत हजारहून अधिक मीटर चढायचे असतात आणि दरी समोर बंद झालेली असते. रूळ डोंगराच्या अंगावर मागेपुढे वळत वर जातात. दर वळणावर तेच गाव पुन्हा दिसतं, प्रत्येक वेळी आणखी खाली आणि आणखी लहान, एकदा डाव्या खिडकीत तर एकदा उजव्या. खाली झाडांना पालवी आणि वर गेल्यावर रुळालगत बर्फाचे ढीग, हे मे महिन्यात हमखास पाहायला मिळतं.

आल्प ग्र्यूमला उतरा. २०९१ मीटरवरच्या या स्टेशनाला मोटाररस्ता नाही, रेल्वेनेच किंवा पायी यावं लागतं. स्टेशनच्या दगडी इमारतीतच उपाहारगृह आहे आणि त्याचा सज्जा फलाटाला लागून. म्हणजे आईंना (तुमच्या सासूबाईंना) चालायला नको, बॅगा टेबलाशेजारी उभ्या करता येतात, आणि समोर पालू हिमनदी. तासाभराने पुढची गाडी. मे हा दोन हंगामांमधला महिना असल्याने उपाहारगृह उघडं आहे का ते आधी बघून ठेवा. बंद असेल तर डबा सोबत असू द्या आणि मग एवढ्या थंडीत उतरायचं की नाही ते तिथल्या हवेवर ठरवा. या मार्गावरची बरीच छोटी स्टेशनं विनंती-थांबा असतात. उतरायचं असेल तर डब्यातलं बटण दाबा, चढायचं असेल तर फलाटावरचं. नाही दाबलं तर गाडी निघून जाते.

पुढे लागो बियांको. मेमध्ये हे सरोवर बहुधा अजून गोठलेलं असतं. पलीकडे लेज नायर नावाचं छोटं तळं आहे, आणि या दोघांच्या मधून युरोपची जलविभाजक रेषा जाते. लागो बियांकोचं पाणी पोस्कियावोच्या दरीतून आद्दा आणि पो नद्यांमार्गे एड्रियाटिक समुद्राला मिळतं. लेज नायरचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला. गाडी दोन-तीन मिनिटांत दोन्ही मागे टाकते. मग उतार लागतो, आणि मोंतेबेल्लोच्या मोठ्या वळणावर मोर्तेराच हिमनदी आणि ४०४९ मीटरचा पित्स बर्निना समोर येतात. हिमनदी दर वर्षी मागे सरकते आहे. जुन्या फोटोंशी ताडून पाहिलंत तर फरक चटकन कळतो.

सेंट मोरित्झला गाडी बदलून कूरची गाडी धरा, किंवा वेळापत्रक पोंत्रेझिना-सामेदान मार्गे सुचवत असेल तर तसं जा. सेंट मोरित्झला मेमध्ये मुक्काम करू नका. हिवाळी हंगाम संपलेला, उन्हाळी सुरू व्हायचा, बरीच हॉटेलं बंद, रोपवे देखभालीसाठी थांबलेले. नाव मोठं आहे म्हणून तिथे रात्र काढणारे निराश होतात.

कूरपर्यंतचा आल्बुला मार्ग १९०३-०४ चा. आल्बुला आणि बर्निना मिळून २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. आल्बुला बोगदा पाच किलोमीटर आणि ८६५ मीटर लांब होता. त्याच्या शेजारी खोदलेला नवा बोगदा २०२४ मध्ये सुरू झाला. बोगद्यातून बाहेर आलं की प्रेडा, आणि प्रेडा ते बेर्ग्यून हा मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत हुशारीचा तुकडा वाटतो. दोन गावांच्या उंचीत ४१६ मीटरचा फरक आहे. हवाई अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, पण रूळ साधारण १२ किलोमीटर, कारण ते बोगद्यांत वेटोळी घेत उतरतात. थोड्या वेळाने दिशेचं भान सुटतं, नदी कुठल्या बाजूला होती तेच आठवत नाही. याच मार्गावर ऑक्टोबर २०२२ मध्ये रेटियन रेल्वेने शंभर डब्यांची, जवळपास १.९ किलोमीटर लांबीची प्रवासी गाडी चालवून जागतिक विक्रम केला. मुलीला हे सांगितलंत तर वळणावळणावर ती डबे मोजेल.

फिलिझूर सोडल्यावर बोगदा, आणि बोगद्याचं तोंड उभ्या कड्यातून थेट लांडवासर पुलावर उघडतं. ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, सहा कमानी, आणि तोही वळणावर. फोटो काढायचा तर बोगद्यातच कॅमेरा तयार ठेवा, बाहेर आल्यावर खिशात हात घालायला वेळ नसतो. ज्यांना हा पूल बाहेरून, खालून बघायचा असतो ते फिलिझूरला उतरून चालत जातात. तुमच्या मंडळींसाठी ती पायपीट नको.

कूरला स्टेशनजवळच हॉटेल घ्या. सेंट मोरित्झपेक्षा स्वस्त, वर्षभर जागं असलेलं गाव, स्टेशनातच किराणा दुकान. तिरानो ते कूर थांबा न घेता साधारण साडेचार तास, आल्प ग्र्यूमसह सहा धरा.

तिसऱ्या दिवशी ग्लेशियर एक्स्प्रेसच्या मार्गाचा एक तुकडा साध्या गाड्यांनी घ्या. कूर ते डिझेंटिस ऱ्हाईन नदीच्या घळीतून जातं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी फ्लिम्सचा डोंगर कोसळला, त्याच्या ढिगाऱ्यातून नदीने वाट कापली. म्हणून काठाचे कडे पांढरे आणि भुसभुशीत दिसतात. या घळीत रस्ता नाही, फक्त नदी आणि रूळ. डिझेंटिसला गाडी बदलली की दातेरी रूळ सुरू होतो आणि गाडी २०३३ मीटरच्या ओबरआल्प खिंडीवर चढते. हे दाते आब्ट पद्धतीचे आहेत, उटीच्या निलगिरी रेल्वेत कुन्नूरच्या चढावर आहेत तेच. पुढे आंडरमाट, तिथून घळीतून खाली ग्योशेनेन.

ग्योशेनेनला गोटहार्डच्या जुन्या मार्गावरची गाडी पकडा. १८८२ सालचा हा मार्ग. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा सुरू झाल्यापासून वेगवान गाड्या खालून जातात आणि या मार्गावर आता गर्दी नसते. उत्तरेकडे उतरताना वासेन गावचं पांढरं चर्च तीनदा दिसतं: आधी तुमच्या खाली, मग बरोबरीने, मग डोक्यावर. एकाआड एक गाडी थेट ल्युसर्नला जाते, उरलेल्या झुरिककडे. झुरिकची मिळाली तर आर्थ-गोल्डाऊला बदला. गाड्या बदलण्याचे टप्पे धरून दिवसभरात साधारण पाच तास प्रवास होतो. नऊला निघालात तर आंडरमाटला जेवून दुपारी ल्युसर्नला पोहोचाल.

ल्युसर्नला दोन रात्री. चौथ्या दिवशी बोटीने विट्झनाऊ आणि तिथून रिगीची दातेरी गाडी. १८७१ मध्ये निक्लाउस रिगेनबाखने ही सुरू केली, युरोपातली पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे. माथा सुमारे १७९८ मीटर, त्यामुळे आईंना श्वासाचा त्रास होणार नाही. माथ्यापर्यंतचा शेवटचा चढ पायी आहे, तो त्यांनी सोडला तरी स्टेशनच्या पातळीवरून डोंगररांग दिसते. सकाळी निघण्यापूर्वी रिगीचा वेबकॅम बघा. ढगात असेल तर सरळ ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात जा. जुनी इंजिनं, विमानं, बोटी, मुलगी तिथून लवकर निघणार नाही. पाचव्या सकाळी ल्युसर्नहून झुरिक विमानतळ, थेट गाडीने तासाभराच्या थोडं वर.

आता पास. या आखणीत दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन सलग दिवस स्वित्झर्लंडच्या गाड्यांत जातात, म्हणून तीन दिवसांचा साधा स्विस ट्रॅव्हल पास नेमका बसतो. तिरानोपर्यंतची बर्निना त्यात येते, तिरानो इटलीत असूनही. ओबरआल्प येतो, ल्युसर्नची बोट येते, रिगीची गाडीही पूर्ण येते. १६ वर्षांखालच्या मुलीसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट मिळतं आणि आई किंवा बाबा बरोबर असले की तिला तिकीट लागत नाही. आजीबरोबर एकटी गेली तर ते चालत नाही, हे लक्षात ठेवा. मिलान-तिरानो आणि शेवटच्या दिवशीचं विमानतळाचं तिकीट वेगळं काढा, त्यासाठी चार दिवसांच्या पासवर खर्च नको. पास दुसऱ्या वर्गाचाच घ्या. पहिल्या वर्गात गर्दी कमी असते, पण खिडकी आणि डोंगर तेच. पासाचा दर वर्षभर ठरलेला असतो, आधी घेतल्याने स्वस्त होत नाही, तेव्हा व्हिसा हातात आल्यावर घ्या. पासवर पासपोर्टातलंच नाव हवं, आणि तपासनीस पासपोर्ट मागतात. स्टेशनवर अडवणारी फाटकं नाहीत, पण तिकिटाशिवाय गाडीत चढायचं नाही.

गुडघे आणि सामान ही एकाच प्रश्नाची दोन टोकं. हमाल नाहीत. जुन्या डब्यांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात. नव्या लाल मोटरगाड्यांत खालच्या पातळीचं दार असतं, व्हीलचेअरचं चिन्ह बघून तिथून आईंना चढवा. खिडक्या उघडणारा जुना डबा त्याच गाडीला मागे जोडलेला असेल, तर तुम्ही आणि मुलगी फोटोंसाठी तिकडे जा, आईंना खालच्या डब्यात बसू द्या. माणशी एक मध्यम बॅग, त्याहून जास्त नको. पाठीला पाठ लावलेल्या दोन सीटांमधल्या त्रिकोणी जागेत ती सरकते. एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) ॲपवर गाडी बदलायला पाच-सहा मिनिटं दाखवतात आणि स्विस माणसाला ती पुरतात. तुम्ही घाई करू नका, पुढची गाडी घ्या. वेळापत्रकात बदलण्याचा किमान वेळ वाढवायची सोय आहे, ती वीस मिनिटांवर ठेवा.

जेवणाचं फार अवघड नाही. तिरानोला पित्सोक्केरी खा: कुट्टूच्या पिठाचा जाड पास्ता, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज. बटर आणि लसूण पुष्कळ असतं, आपल्याकडच्या जिभेला लगेच पटतं. त्याच यादीतला ब्रेसाओला म्हणजे वाळवलेलं गोमांस, त्यापासून सावध. स्विस बाजूला जवाचं, म्हणजे बार्लीचं सूप दिसेल, त्यात बहुधा मांसाचे तुकडे असतात. र्योस्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) मागवताना बेकन नको असं स्पष्ट सांगा. अगदी काटेकोर शाकाहारी असाल तर बरंचसं चीज प्राण्यांच्या रेनेटवर (वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या पदार्थावर) बनतं हेही जाणून असा. दुपारसाठी स्टेशनातल्या कोऑप किंवा मिग्रोसमधून पाव, फळं, दही घ्या. घरून थेपले, चिवडा, चटण्या न्यायला हरकत नाही, पण तूप, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून न्यायला मनाई आहे. नळाचं आणि गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्यालायक असतं, तशी बंदी असेल तिथे पाटी लावलेली असते.

मे महिन्याचं आणखी एक. ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी, नेहमी गुरुवारी, स्वित्झर्लंडमध्ये असेन्शन या ख्रिस्ती सणाची सुट्टी असते आणि बहुतेक लोक शुक्रवारी रजा टाकून चार दिवस बाहेर पडतात. पेंटेकॉस्टचा सोमवारही सुट्टीचा. हे दोन्ही अनेकदा मेमध्ये येतात. तुमच्या तारखांवर पडत असतील तर ल्युसर्नची हॉटेलं आधी घ्या, आणि दुकानं बंद असतात म्हणून स्टेशनातल्यांवर भिस्त ठेवा. कपडे थरांचे हवेत. तिरानोला शर्टावर फिराल आणि अडीच तासांनी शून्याच्या आसपास असाल. फोनचा पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंडचं नाव आहे का ते तपासा. हा देश युरोपीय संघात नाही, आणि फक्त संघासाठी असलेले पॅक तिरानोच्या पुढच्या स्टेशनावर बंद पडतात.

व्हिसा शेवटी सांगतो, पण हाताळायचा सगळ्यांत आधी. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखाच भरला तर जिथे पहिला प्रवेश त्या देशाकडे. तुमच्या मिलानच्या दोन रात्री आणि तिरानोची एक मिळून इटलीच्या तीन होतात. कूरची एक आणि ल्युसर्नच्या दोन मिळून स्वित्झर्लंडच्याही तीनच. म्हणजे अर्ज इटलीकडे. तिरानोऐवजी पोस्कियावोला राहिलात तर स्वित्झर्लंडच्या चार होतात आणि अर्ज तिकडे जातो. जिथे तारीख लवकर मिळेल त्याप्रमाणे पहिल्या रात्रीचं गाव ठरवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेची गर्दी लक्षात घेता जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या. सीमेवर गाडी थांबवून पासपोर्ट तपासतीलच असं नाही, पण तपासतात तेव्हा ते बॅगेत नाही, अंगावर हवेत.

एवढं करूनही मोठ्या काचांच्या गाडीची हौस असेलच, तर तिरानो ते कूर हा एकच टप्पा बर्निना एक्स्प्रेसने करा. सलग चार तासांच्या थोडं वर, गाडी बदलायची नाही, आईंच्या दृष्टीने ते सोयीचंही आहे. आल्प ग्र्यूमचा निवांत तास त्यात जाईल. चारही जागा एकत्र हव्या असतील तर तारीख पक्की होताच आरक्षण करा, आणि जागा निवडताना प्रवासाच्या दिशेने डावी बाजू मागा.